ब्लूक्रॉप ब्लूबेरी: सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

जून उजाडला की मला मेसेज सुरू होतात. इथे न्यू जर्सीत नवीन घर घेऊन मागच्या अंगणात काहीतरी लावायची हौस आलेले आपले लोक, पुण्याहून मामेबहीण, नाशिकहून एक द्राक्षवाले काका, आणि सगळ्यांचे प्रश्न तेच तेच, म्हणून एकदाचं सगळं लिहून टाकते. मी काही कृषी पदवीधर नाही, माझ्याकडे ब्लूक्रॉपची पाच झाडं आहेत (सहावं मेलं, त्याची गोष्ट खाली येईल) आणि इतकी वर्षं त्यांच्यामागे धावतेय, तेवढाच अधिकार.

ब्लूक्रॉप ही कंपनी आहे का?

नाही हो, जात आहे. आंब्यात कसा हापूस, पायरी, केशर, तसं ब्लूबेरीत ड्यूक, जर्सी, ब्लूरे, एलियट, ब्लूक्रॉप. दुकानातल्या डब्यावर नुसतं ब्लूबेरी लिहिलेलं असतं त्यामुळे आपल्याला वाटतं सगळ्या एकच, पण ड्यूक लवकर येते, एलियट अगदी उशिरा येते आणि ब्लूक्रॉप मधल्या हंगामाची. ब्लूक्रॉप हायबुश, म्हणजे उंच झुडपाची, चार ते सहा फूट होते. अमेरिकेच्या मेन राज्यात जमिनीलगत वाढणारी रानटी बारीक ब्लूबेरी असते ती लोबुश, तिचा इथे संबंध नाही.

ब्लूक्रॉप १९५२ साली बाहेर आली आणि त्यानंतर कितीतरी वर्षं उत्तरेकडच्या थंड भागात लागवड म्हटलं की हीच. आता मोठे शेतकरी ड्यूक आणि नव्या जातींकडे वळलेत, पण घरच्या बागेसाठी मी अजून हीच सांगते. दुष्काळ जरा सोसते, दरवर्षी न चुकता लागते, फळ मोठं आणि टणक.

ही जात आली कुठून?

हा माझा आवडता प्रश्न आहे आणि हा कोणी विचारत नाही, मीच घुसडलाय.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्लूबेरीची शेती नव्हतीच, लोक रानात जाऊन तोडायचे, आपण उन्हाळ्यात करवंदं तोडायला डोंगरात जायचो तसंच. लोकांनी रानातली झुडपं उपटून घरी लावून बघितली पण ती जगायची नाहीत. मग फ्रेडरिक कोविल नावाच्या अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने कुंड्यांमध्ये प्रयोग करून दाखवलं की याला आंबट, म्हणजे आम्लधर्मी, माती लागते. ते त्याने १९१० मध्ये छापलं. दक्षिण न्यू जर्सीत व्हाइट्सबॉग नावाच्या गावी एलिझाबेथ व्हाइट नावाच्या बाई होत्या, वडिलांचा क्रॅनबेरीचा मोठा धंदा, त्यांनी १९११ मध्ये ते वाचलं आणि कोविलला सरळ पत्र पाठवलं की आमच्याकडे जमीन आहे, माणसं आहेत, या.

बाईंचं डोकं बघा. त्यांनी आसपासच्या जंगलात फिरणाऱ्या लोकांना पाच-अष्टमांश इंच भोकाची पट्टी दिली, ज्या झुडपाची बेरी त्या भोकातून खाली पडणार नाही ते झुडूप मला दाखवा, पैसे देते. आणि ज्याने झुडूप शोधलं त्याचं नाव झुडपाला. रूब लीक नावाच्या माणसाने एक फार भारी झुडूप आणलं, पण लीक म्हणजे कांद्याच्या भाऊबंदातली भाजी आणि रूब म्हणजे इथल्या बोलीत गावंढळ, दोन्ही नावं फळाला शोभेनात, म्हणून रूबच्या पुढे लीकचा ल जोडून नाव ठेवलं रूबल. १९१६ मध्ये व्हाइट्सबॉगहून पहिला माल विक्रीला गेला.

आता ब्लूक्रॉपची पत्रिका. एका बाजूला जर्सी आणि पायोनियर यांचं पोर, दुसऱ्या बाजूला स्टॅनली आणि जून यांचं पोर, त्या दोघांचं लग्न म्हणजे ब्लूक्रॉप. गंमत अशी की या चार आजी-आजोबांपैकी जर्सी, स्टॅनली आणि जून या तिघांच्याही आईबापात तो रूबल आहेच. आपल्याकडे सगोत्र म्हणून स्थळ पहिल्या फोनलाच कटाप झालं असतं. कोविल १९३७ ला गेले, त्यामुळे ब्लूक्रॉप नाव मिळून बाहेर पडलेली त्यांनी काही बघितली नाही.

ही जांभळाची बहीण ना?

नाही, रंग सोडला तर काही संबंध नाही. जांभूळ पेरूच्या कुळातलं. ब्लूबेरी क्रॅनबेरीच्या आणि डोंगरात फुलणाऱ्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या कुळातली. जांभळात एक बी, हिच्यात बारीक बारीक पुष्कळ बिया ज्या खाताना कळतही नाहीत. ब्लूक्रॉप कापली तर आतून हिरवट पांढरी निघते, निळा रंग फक्त सालीत, म्हणून खाल्ल्यावर जीभ जांभळासारखी रंगत नाही. फळाच्या टोकाला पेरूला असतो तसा छोटा मुकुट मात्र असतो.

हिचे खरे भारतीय नातेवाईक निलगिरीच्या डोंगरात आहेत, व्हॅक्सिनियम नीलगिरेन्स, म्हणजे नावातच निलगिरी. तेही झुडूप त्याच घराण्यातलं, फक्त त्याला कोणी एलिझाबेथबाई भेटल्या नाहीत.

माती कशी लागते? आमच्या झाडाची पानं पिवळी पडलीत.

इथे नव्वद टक्के लोकांची झाडं मरतात (हा आकडा माझ्या ओळखीतल्या लोकांवरून, सिरियसली घेऊ नका). ब्लूबेरीला पीएच (मातीचा आंबटपणा मोजायचं माप, आकडा कमी तितकी माती आंबट) ४.५ ते ५.५ च्या मधे लागतो आणि यात ती ऐकत नाही. बाकी सगळ्यात ब्लूक्रॉप समजूतदार आहे, पाणी एखादा आठवडा कमी पडलं चालतं, छाटणी वेडीवाकडी झाली चालतं, मातीत मात्र तडजोड नाही.

माझं सहावं झाड कसं गेलं सांगते. आम्ही ते घराच्या मागच्या भिंतीला लागून लावलं कारण तिथे ऊन छान यायचं. दुसऱ्या वर्षी पानं पिवळी झाली पण शिरा हिरव्यागार, अगदी कोणीतरी हिरव्या पेनाने जाळी काढल्यासारखी. मला वाटलं खत कमी पडतंय, मी खत घातलं, अजून पिवळी. नवऱ्याने नेटवर वाचून वापरलेली कॉफी पावडर टाकली. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती, ती म्हणाली कढीपत्त्याला घालतो तसं आंबट ताक घाल, तेही घातलं. शेवटी रटगर्स युनिव्हर्सिटीच्या लॅबला माती पाठवली तर पीएच आला ६.९. भिंतीच्या पायातलं सिमेंट, त्यातला चुना पावसाबरोबर मातीत उतरत होता आणि मी वरून ताक ओतत होते. जमिनीत लोह होतं, पण पीएच वर गेला की झाडाला ते उचलताच येत नाही, ताट वाढलेलं पण हात बांधलेले. रिपोर्ट आला तोपर्यंत उशीर झाला होता, ते झाड पुढच्या वसंतात फुटलंच नाही.

तर, लावायच्या आधी मातीची तपासणी करा, लावल्यावर नाही. पीएच खाली आणायला साधं गंधक वापरा, किती ते रिपोर्टमध्ये लिहून येतं, रेताड मातीला कमी लागतं चिकण मातीला बरंच जास्त. गंधकावर मातीतले जिवाणू काम करतात तेव्हा कुठे त्याचं आम्ल होतं, त्यामुळे सहा महिने ते वर्ष धरून चाला. आज टाकलं आणि रविवारी झाड लावलं असं नाही होत. वापरलेली कॉफी जवळजवळ न्यूट्रल असते, आम्ल सगळं तुमच्या कपात गेलेलं असतं. व्हिनेगरचं पाणी दोन दिवस टिकतं. ताकाबद्दल मी आईला अजून काही बोललेले नाही.

दक्षिण न्यू जर्सीतला पाइन बॅरन्स भाग मुळातच रेताड आणि आंबट आहे, म्हणून तिथे ही इतकी फोफावते, आणि हॅमंटन गाव स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवतं. मध्य न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या बाजूच्या चिकट मातीत तेच झाड रुसतं. अशा ठिकाणी एक ते दीड फूट उंचीचा वाफा करा, त्यात पीट मॉस (दलदलीतलं कुजलेलं शेवाळ) आणि पाइनच्या सालीचा चुरा भरपूर मिसळा, आणि वरून दरवर्षी त्याच सालीचं तीन-चार इंच आच्छादन. मुळं अगदी वरवर असतात, केसासारखी बारीक, त्यामुळे खुरप्याने खणू नका. गवत हाताने उपटा.

खत कुठलं? शेणखत घालू का?

शेणखत नको, राख तर अजिबात नको, दोन्हीने पीएच चढतो. आपल्याला वाटतं शेणखत म्हणजे अमृत, बाकी झाडांना असेलही. हिला नत्र अमोनियाच्या रूपात पचतं, नायट्रेट फारसं चालत नाही, म्हणून अमोनियम सल्फेट, थोडं थोडं, एप्रिलमध्ये आणि मेच्या शेवटी. नंतर बंद. ऑगस्टमध्ये खत घातलं तर कोवळे फुटवे येतात आणि थंडीत करपतात.

पाणी आठवड्याला एक-दोन इंच पाऊस पडल्यासारखं. नळाचं पाणी जड असेल तर तुम्ही रोज थोडा थोडा चुनाच घालताय समजा, आम्ही पागोळ्याखाली पिंप ठेवलंय.

एकच झाड लावलं तर फळ धरेल का?

धरेल, ब्लूक्रॉप स्वतःच्या परागावर फळते. पण शेजारी दुसरी जात असली, ब्लूरे वगैरे, तर बेरी मोठ्या होतात. फुलं उलट्या टांगलेल्या छोट्या घंटांसारखी असतात आणि पराग बारीक भोकातून मिठाच्या डबीसारखा झटकावा लागतो. मधमाशीला ते नीट जमत नाही. इथले गुबगुबीत भुंगे फुलाला लटकून असे थरथरतात की मेमध्ये सकाळी झाडाजवळ उभं राहिलं तर मोबाइल व्हायब्रेट झाल्यासारखा आवाज येतो, मी एकदा खिसा चाचपला होता. त्या महिन्यात कीटकनाशक मारू नका, प्लीज.

किती वर्षांनी फळ येतं?

नर्सरीतून दोन-तीन वर्षांचं रोप आणलंत तर त्याच वर्षी फुलं येतील आणि ती तुम्हाला तोडून टाकायची आहेत. हो, सगळी. पहिली दोन वर्षं. माझ्या हाताने झालं नाही, नवऱ्याला सांगितलं आणि मी आत जाऊन बसले. पण त्याने झाडाचं सगळं बळ मुळांत जातं. तिसऱ्या वर्षी वाटीभर, आणि सहा-आठ वर्षांनी पूर्ण भरात. नीट सांभाळलं तर तीस वर्षं सहज, त्यामुळे भाड्याच्या घरात लावणार असाल तर विचार करा.

निळी झाली तरी आंबटच लागते, आमची जात फसवून दिली का?

नाही दिली, तुम्ही घाई केलीत. ब्लूक्रॉपची ही खोडच आहे, रंग आधी येतो आणि गोडी मागून. निळी दिसल्यावरही चार दिवस ते आठवडाभर तशीच राहू द्या. देठाकडची बाजू बघा, तिथे लालसर कड दिसत असेल तर अजून वेळ आहे, पुढून निळी आणि मागून लाल असं ध्यान असतं बऱ्याचदा. घडाखाली तळहात धरायचा आणि अंगठा नुसता फिरवायचा, ज्या तयार आहेत त्या आपोआप हातात पडतात, ओढावं लागलं तर ती उद्याची. आणि तोडल्यावर पेटीत घालून पिकेल असं नाही, हा आंबा नव्हे, तोडल्यावर रंग चढेल, मऊ पडेल, गोड नाही होणार.

झाडावर टिकण्यात मात्र ही पक्की, पिकलेली बेरी लगेच गळून पडत नाही. एकाच घडात हिरवी, गुलाबी, निळी सगळी पिल्लावळ एकत्र असते, त्यामुळे चार-पाच दिवसांच्या अंतराने चार-पाच तोडे होतात, इथे साधारण जूनच्या शेवटापासून जुलैभर. गेल्या वर्षी माझ्या सगळ्यात मोठ्या झाडाने चार किलोच्या आसपास दिलं.

दुकानातली आंबट लागते त्याचंही हेच कारण, पहिल्या तोड्याची, रंग बघून काढलेली असते.

वरची पांढरी पावडर औषधाची आहे का? मीठ-सोड्याच्या पाण्यात घालू?

ते झाडाचं स्वतःचं मेण आहे, द्राक्षावर असतं तसंच, द्राक्षवाले त्याला लव म्हणतात. उलट ती पावडर शाबूत असेल तर फळ ताजं आणि कमी हाताळलेलं. ब्लूक्रॉप फिकट आकाशी दिसते ती त्यामुळेच, बोटाने पुसलीत तर खालून जवळजवळ काळी निघते. दुकानातून आणलेली साध्या वाहत्या पाण्याखाली धुवा, बास, आणि धुवायची ती खायच्या वेळी. धुऊन डब्यात भरून ठेवलीत तर तिसऱ्या दिवशी बुरशी.

पक्षी सगळं खातात, काय करू?

जाळी. दुसरा उपाय नाही. चकचकीत सीड्या लटकवून झाल्या, प्लास्टिकचं घुबड ठेवून झालं, त्या घुबडाच्या डोक्यावर बसून कॅटबर्ड माझी बेरी खात होता. हा राखाडी पक्षी मांजरासारखा म्यांव करतो आणि बेरी कधी पिकली हे त्याला आपल्या आधी कळतं. फळ निळं व्हायच्या आधी जाळी टाका, चौकट करून त्यावर टाका, थेट झाडावर टाकलीत तर पक्षी वरून बसून आत चोच घालतात. खालची कड दगडांनी दाबा नाहीतर एखादा आत अडकतो आणि मग पहाटे साडेपाचला तुम्ही नाईटड्रेसमध्ये त्याला सोडवत बसता.

बेरीत बारीक पांढरी अळी निघाली.

बहुतेक ठिपक्यांच्या पंखांची फळमाशी. ही माशी आशियातून आली, अमेरिकेच्या मुख्य भूमीवर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सापडली आणि मग सगळीकडे. हिच्या जवळच्या नात्यातल्या बहुतेक माश्या सडलेल्या फळात अंडी घालतात, ही चांगल्या पिकलेल्या फळात घालते. ब्लूक्रॉपचे सुरुवातीचे तोडे सहसा सुटतात, जुलैच्या शेवटचे सापडतात. पिकलेलं वेळेवर काढा, खाली पडलेलं गोळा करून पिशवीत बांधून फेका, काढलेलं लगेच फ्रिजमध्ये.

छाटणी कधी?

फेब्रुवारीचा शेवट ते मार्च, झाड झोपलेलं असताना. तेव्हा फांद्यांच्या टोकाला टपोऱ्या कळ्या दिसतात त्या फुलाच्या, खाली चपट्या टोकदार त्या पानाच्या. सहा वर्षांपेक्षा जुन्या, करड्या जाडजूड फांद्या दरवर्षी एक-दोन बुडापासून काढा. ब्लूक्रॉपला झेपेल त्याहून जास्त फळ धरायची सवय आहे, फांद्या लोळतात, म्हणून कळ्या पण थोड्या विरळ करायच्या. जीव तुटतो पण बेरी मोठी हवी असेल तर करा.

पुण्यात, नाशिकला, महाबळेश्वरला येईल का?

ब्लूक्रॉप? नाही. मी अगदी स्पष्ट सांगते कारण मामेबहिणीने ऑनलाइन ब्लूक्रॉपचं म्हणून बी मागवलं होतं आणि त्यातून काय उगवलं ते आम्हाला अजून ओळखता आलेलं नाही. एक तर जात बियाने येतच नाही, कटिंगनेच किंवा टिश्यू कल्चरनेच येते, बी लावलं तर आईबापाचं काहीतरी तिसरंच पोर निघतं.

दुसरं म्हणजे थंडी. हिला हिवाळ्यात साधारण ८०० तास ७ अंशांच्या खाली झोप लागते, तेवढी झाली नाही तर वसंतात कळ्या फुटत नाहीत. निफाडला पारा ५ अंशांवर आल्याची बातमी येते खरी, पण ती पहाटेची, दुपारी तिथेच २७-२८ असतं. रात्रीचे पाच तास धरले आणि अशा वीस रात्री धरल्या तरी १०० तास. महाबळेश्वर थंड वाटतं आपल्याला, ब्लूक्रॉपच्या हिशोबाने तो उन्हाळाच. काकांनी विचारलं की ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाला पेस्टिंग करतो (डोळे फुटावेत म्हणून काडीला रसायन लावतो) तसं करून नाही का फुटणार, तर काका, पेस्ट म्हणजे अर्धवट झोपलेल्याला हलवून उठवणं, जो झोपलाच नाही त्याला काय उठवणार.

तिसरं माती-पाणी. देशावरची काळी माती चुनखडीची, बोअरचं पाणी खारं, म्हणजे माझ्या भिंतीकडेचा प्रकार एकरभर. कोकणातली जांभी माती आम्लाकडे झुकते, पण तिथे थंडी शून्य.

हौसच असेल तर दक्षिणी हायबुश जाती बघा, मिस्टी, बिलॉक्सी वगैरे. फ्लोरिडातल्या उष्ण हवेत टिकणाऱ्या रानटी ब्लूबेरीशी संकर करून अशा कमी थंडीच्या जातींची वाट उघडली, त्यांना दीड-दोनशे तास किंवा त्याहून कमी पुरतात, आणि पेरूसारख्या देशात आज मैलोन्मैल ब्लूबेरी आहे ती अशाच जातींच्या जोरावर. मुंबईत डबी मिळते ती बऱ्याचदा तिथलीच. या जाती जमिनीत नाही, मोठ्या कुंडीत लावा, कोकोपीट आणि सालीचा चुरा, पावसाचं किंवा आरओचं पाणी. महाग छंद आहे, आधीच सांगून ठेवते.

सुपरफूड आहे म्हणे, शुगर कमी होते का?

१०० ग्रॅममध्ये ५७ कॅलरी, साधारण १० ग्रॅम साखर, अडीच ग्रॅमच्या आत फायबर. चांगलं फळ आहे, औषध नाही. क जीवनसत्त्व तर आवळ्याच्या जवळपासही नाही. गोळ्या बंद करून ब्लूबेरी खाणाऱ्या माझ्या आत्याला हे मी तीनदा सांगितलंय.

जास्त निघाली की काय करायचं?

फ्रीझ. न धुता, ताटात एका थरात पसरून कडक होऊ द्या मग पिशवीत भरा, गोळा होत नाही. श्रीखंडात घालायची असेल तर अख्खी घाला आणि वाढायच्या आधी, ढवळत बसलात तर राखाडी लगदा होतो. मुरांबा उत्तम होतो, वेलची नको, लवंग एक. केकमध्ये खायचा सोडा जास्त पडला की बेरीभोवती हिरवट डाग पडतात, तो रंगद्रव्याचा खेळ आहे, बिघडलेला नाही केक, खा.

आम्हाला एक कटिंग द्याल का? इंडियाला बॅगेतून नेता येईल?

बॅगेतून नाही, जिवंत झाड न्यायला परवाने आणि रोगमुक्तीचं सर्टिफिकेट लागतं, विमानतळावर फेकून देतील आणि वर दंड. आणि नेऊन करणार काय, वरचा थंडीचा प्रश्न परत वाचा.

इथल्यांना देते. जुनी सरकारी जात आहे, पेटंटची भानगड नाही. पेन्सिलीएवढ्या जाडीची, गेल्या वर्षीची फांदी, फुलाची कळी नसलेला भाग, पीट आणि वाळूत खोचायची. मोगऱ्यासारखं पटकन मूळ फुटत नाही, पानं आधी येतात आणि आपण खूश होतो, मुळं त्यानंतर कितीतरी आठवड्यांनी, तोवर उपटून बघायचं नाही. मार्चच्या पहिल्या शनिवारी छाटते मी, तेव्हा या, कटिंग तेव्हाच मिळेल. येताना आपली बादली आणा, आणि ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्या.